सुपरहिरोंचे जिगसॉ: रेषेची गंमत की पैसे मोजून घेतलेली जाहिरात?

सांदीकोपरा

गेल्या महिन्यात मी एक हजार तुकड्यांचे जिगसॉ पूर्ण केले. चित्र म्हणजे मार्व्हलच्या जुन्या कॉमिक्सच्या सोळा मुखपृष्ठांची उभी मांडणी होती, चार ओळी आणि प्रत्येक ओळीत चार. आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी ते पाहून "मुलांचे खेळणे छान जमले आहे" असा शेरा मारला. त्यावरून जेवणाच्या टेबलावर सुरू झालेला वाद अर्धवट राहिला, म्हणून तो येथे मांडत आहे.

माझे म्हणणे असे की, ज्यांना तुकडे जुळवण्यातच रस आहे अशा मोठ्या माणसांसाठी कॉमिक्सचे चित्र हे तलाव, डोंगर आणि लाल कौलांच्या छायाचित्रापेक्षा सरस ठरते. याचे कारण बालपणीच्या आठवणी किंवा त्या पात्रांविषयीचे प्रेम नाही, तर शाईची रेषा आहे. छायाचित्राचा तुकडा हातात घेतला की त्यावर केवळ एक छटा असते, फिकट हिरवी किंवा किंचित गडद हिरवी. कॉमिक्सच्या तुकड्यावर मात्र कोठून तरी आलेली आणि कोठे तरी निघालेली काळी रेषा असते, आणि ती पुढे कोठे जाईल याचा अंदाज बांधणे हाच खरा खेळ आहे. स्पायडरमॅनचा मुखवटा घ्या. त्याच्यावरील जाळ्याच्या रेषा दोन्ही डोळ्यांच्या मध्ये एकत्र येतात, त्यामुळे लाल रंगाचा प्रत्येक तुकडा आपण मध्यापासून किती दूर आणि कोणत्या बाजूला आहोत हे स्वतःच सांगत असतो.

एक अनुभव मुद्दाम सांगते. रंगांप्रमाणे तुकडे वेगळे करताना मी राखाडी तुकड्यांसाठी एक स्टीलची ताटली ठेवली होती. भिंती, दगड, रस्ते असे काहीतरी असेल, या समजुतीने ते तुकडे मी चित्रांच्या पार्श्वभूमीत लावून पाहत होते आणि तीन संध्याकाळी त्यातील एकही तुकडा बसला नाही. अखेर एका तुकड्यावर जाड भुवई दिसली. मे १९६२ च्या पहिल्या अंकात हल्क हिरवा नव्हताच, राखाडी होता. तो राखाडी रंग छपाईत पानोपानी वेगवेगळा उमटल्याने दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवे करण्यात आले. ताटलीतील उरलेले "दगड" हे आयर्नमॅनचे चिलखत निघाले, कारण मार्च १९६३ मध्ये तो प्रथम आला तेव्हा तोही राखाडीच होता आणि पुढच्याच अंकात त्याला सोनेरी रंग मिळाला. माझी चौदा वर्षांची मुलगी, जिला या पात्रांची माहिती माझ्या दसपट आहे, तीसुद्धा हिरवे तुकडे शोधत बसली होती.

अन्य मते ऐकायला आवडतील.

निळाई

तुमचा अनुभव रंजक आहे, परंतु निष्कर्षाशी मी पूर्णपणे असहमत आहे. तुम्ही ज्याला गुण म्हणता तोच या प्रकाराचा दोष आहे. रेषा, अक्षरे आणि भडक सपाट रंग यांमुळे प्रत्येक तुकडा आपला पत्ता छातीवर टाचूनच डब्याबाहेर येतो. मासिकाच्या नावाची अक्षरे असलेले तुकडे पहिल्या तासातच बाजूला काढता येतात, आणि मग उरते ते काय? सोळा मुखपृष्ठे म्हणजे प्रत्येकी साठ-बासष्ट तुकड्यांची सोळा छोटी कोडी, एकमेकांना शेजारी शेजारी चिकटवलेली. एक हजार तुकड्यांचे कोडे सोडवले असे त्याला म्हणणे म्हणजे सोळा वेळा जिना चढून गड सर केल्याचे सांगण्यासारखे आहे.

आपण रेषेचा एवढा गौरव केला आहे, म्हणून एक आठवण करून देतो. विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या माणसांसाठी जी लाकडी कोडी हाताने करवतीने कापली जात, त्यांचे कसबी कारागीर मुद्दाम रंग बदलतो त्या सीमेवरूनच करवत फिरवत असत, म्हणजे एका तुकड्यावर पूर्ण निळे आकाश येई आणि शेजारच्या तुकड्यावर पूर्ण तपकिरी छप्पर, आणि ते दोन तुकडे शेजारी आहेत याचा मागमूसही राहत नसे. डब्यावर बहुधा चित्रही नसे. रेषा लपवणे हीच या कलेची परंपरा आहे. मी स्वतः दोन-दोनशे तुकड्यांचे एकरंगी आकाश आनंदाने लावतो; तेथे चित्र बोलत नाही, फक्त खुंटी आणि खाच यांचा आकार बोलतो, आणि बोटांना तो हळूहळू ऐकू येऊ लागतो. झाकण समोर ठेवून रेषेमागे जाणे हे गाइड उघडे ठेवून परीक्षा देण्यासारखे मला वाटते.

रोखठोक

वर दोघांनी कौशल्याची चर्चा केली आहे. माझा आक्षेप त्याच्याही अलीकडचा आहे. लंडनमधील नकाशे कोरणारे जॉन स्पिल्सबरी यांनी १७६० च्या दशकात लाकडावर नकाशा चिकटवून देशांच्या सीमांवरून त्याचे तुकडे केले, तेव्हा मुलांना भूगोल कळावा हा त्यांचा हेतू होता. आज आपण सोळा मुखपृष्ठे जुळवतो तेव्हा काय शिकतो? एका कंपनीच्या मालकीच्या पात्रांची यादी. त्या पात्रांच्या वापराचे शुल्क डब्याच्या किमतीत धरलेले असते, म्हणजे कंपनीची जाहिरात आपणच पैसे मोजून घरी आणतो, तीन आठवडे पाठ मोडेपर्यंत ती वाकून जोडतो, आणि काही महाभाग तर त्यावर डिंक फासून फ्रेम करून दिवाणखान्यात लावतात. तेच चित्र भिंतीवर हवे असेल तर भित्तिपत्रक स्वस्तात मिळते. राखाडी हल्कची माहितीही धागाकर्तीला तुकड्यांनी दिली नसणार, भुवई दिसल्यावर त्यांनी ती मोबाइलवर शोधली असणार, असा माझा संशय आहे.

थंडीवाऱ्यात

रोखठोक, संशय रास्त असेलही, पण शोधावेसे कशामुळे वाटले, हे तरी मान्य करा.

जाहिरातीचा मुद्दा मात्र इतिहासात टिकत नाही. मी मिनेसोटात राहतो, आणि येथे हिवाळ्याचे पाच महिने हाच विषय असतो. १९३२-३३ च्या महामंदीत अमेरिकेत जिगसॉची लाट आली. पुठ्ठ्याची, साच्याने कापलेली स्वस्त कोडी वृत्तपत्रांच्या टपरीवर दर आठवड्याला नवी येत, आणि १९३३ च्या आरंभी विक्री आठवड्याला १ कोटीपर्यंत पोहोचली होती. याच काळात दात घासण्याच्या ब्रशसोबत जाहिरातीची कोडी फुकट दिली जात. लोकांनी ती जोडली, त्यांत रमले, शेजाऱ्यांना दिली, आणि औषधांच्या दुकानांतून व वाचनालयांतून कोडी भाड्यानेही आणली. चित्र कोणाच्या मालकीचे आहे, हा प्रश्न नोकरी गेलेल्या माणसाला त्या संध्याकाळी पडला असेल, असे मला वाटत नाही. जाहिरात डोळ्यांसमोर तीन सेकंद राहते तेव्हा ती आपले काम करते; तीच तीन आठवडे उलटसुलट तुकड्यांत राहिली तर तिच्यातील हाक विरून जाते आणि उरते फक्त चित्र.

आमच्या गावच्या वाचनालयात एक फळी कोड्यांच्या अदलाबदलीसाठी राखलेली आहे. एक ठेवावे, एक न्यावे. डबा परत करताना आतील चिठ्ठीवर "सर्व तुकडे आहेत" किंवा "एक कमी, डावीकडे खाली" असे लिहिण्याची पद्धत आहे. त्या फळीवर धबधबे आणि दीपस्तंभ महिनोन्महिने पडून असतात. सुपरहिरोंचा डबा दुसऱ्या शनिवारी दिसत नाही. आणि नेणारी माणसे पोरेटोरे नसतात, बहुतेक माझ्याहून वडील असतात.

आगळ

निळाई यांना एक सूचना. आकाशाचीच आवड असेल तर बॅटमॅन घ्या. रात्र, गच्ची आणि केप. माझ्याकडील एक हजारांत निदान साडेतीनशे तुकडे शुद्ध काळे होते, आणि वर चकचकीत थर असल्याने ट्यूबलाइटखाली सगळेच पांढरे दिसत. त्यामुळे "सुपरहिरो म्हणजे सोपे" हे सरसकट विधान मला मान्य नाही. मी हरलो. अर्थात त्यात रत्नागिरीच्या आषाढाचाही हातभार होता: पुठ्ठा ओल धरतो, तुकडे फुगतात, खुंटी खाचेत शिरत नाही, आणि जोराने दाबावे तर वरचा छापील कागद सालीसारखा सुटतो. आता पावसाळ्यात मी डबा तांदळाच्या पिंपाशेजारी कोरड्या कोठीत ठेवतो आणि दिवाळीनंतरच उघडतो.

सांदीकोपरा

सर्वांचे आभार. मोबाइलवर शोधल्याचा आरोप मान्य आहे.

निळाई, कारागिरांविषयी आपण लिहिले ते बरोबर आहे, पण ते करवतीच्या काळाला लागू आहे. तेव्हा कापणारा माणूस चित्र पाहून कापत होता. आजचा साचा म्हणजे वाकवलेल्या पोलादी पात्यांची जाळी असते. ती चित्राकडे न पाहता एका दाबात सगळा पुठ्ठा कापते, आणि तोच साचा दुसऱ्या दिवशी वेगळ्याच चित्रावर चालतो. म्हणूनच एकाच साच्याने कापलेल्या दोन कोड्यांचे तुकडे परस्परांत बसू शकतात. कापणारा चित्राशी बोलत नसेल, तर ते बोलणे चित्रालाच करावे लागते, आणि आकाशाच्या छायाचित्राकडे बोलण्यासारखे काही नसते. आपण ज्याला बोटांना ऐकू येणे म्हणता ते मलाही अनुभवाने ठाऊक आहे, फक्त मला ते एखाद्या यंत्राच्या पात्यांशी केलेले संभाषण वाटते.

भित्तिपत्रकाविषयी रोखठोक यांना सांगते. स्पायडरमॅनच्या पहिल्या अवताराचे मुखपृष्ठ मी आजवर अनेक वेळा पाहिले होते: एका माणसाला काखेत घेऊन तो झोका घेत आहे, चित्र जॅक कर्बी यांचे आणि शाई स्टीव्ह डिटको यांची, अंक ऑगस्ट १९६२ चा. जोडताना मात्र माझ्या हाती असे काही तुकडे आले की, ज्यांवर जाळी होती पण लाल रंग नव्हता. ना मुखवटा, ना छाती. दोन दिवस ते टेबलाच्या कोपऱ्यात पडून होते. ती जाळी त्याच्या हाताखाली, दंडापासून कमरेपर्यंत वटवाघळाच्या पडद्यासारखी ताणलेली आहे. अनेकदा पाहूनही ती मला दिसली नव्हती. भिंतीवर टांगलेले चित्र मी रोज पाहिले असते आणि तरीही ती दिसली नसती, हे मी खात्रीने सांगते.

सोळा छोट्या कोड्यांचा आक्षेप मात्र मला काहीसा बोचला. तो खरा असावा, असे वाटते.

गणितमास्तर

तो खरा नाही. निदान संपूर्ण खरा नाही. एक हजार म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक कोड्यांत प्रत्यक्षात ३८ गुणिले २७, म्हणजे १०२६ तुकडे असतात. धागाकर्तीचे कोडे तसे आहे असे धरतो. त्यांनी एक उभी आणि एक आडवी रांग मोजून खात्री करावी. (कडेचे तुकडे मोजून उपयोग नाही: ४० गुणिले २५ असले तरी कडेचे १२६ आणि ३८ गुणिले २७ असले तरी १२६ च.) उभ्या चित्रात रुंदीला २७ तुकडे व उंचीला ३८. भोवती समास नाही असे धरून चार समान स्तंभ पाडले तर सीमारेषा ६.७५, १३.५ आणि २०.२५ व्या ठिकाणी येतात, म्हणजे तिन्ही तुकड्यांच्या पोटातून जातात. आडव्या सीमारेषा ९.५, १९ आणि २८.५ वर येतात. पैकी मधली नेमकी कापावर पडते, तेथे फक्त खुंट्या पलीकडे डोकावतात. हिशेब असा: ३ गुणिले ३८ म्हणजे ११४, २ गुणिले २७ म्हणजे ५४, दोनदा मोजलेले ६ वजा. एकूण १६२ तुकडे असे की, ज्यांवर एकाहून अधिक मुखपृष्ठे आहेत. सुमारे सहात एक. हे तुकडे रंगांप्रमाणे कोणत्या ताटलीत टाकणार? एका बाजूला थॉरचा निळा, दुसऱ्या बाजूला भलत्याच मासिकाचा पिवळा. त्या सहा चौकातल्या तुकड्यांवर तर चार-चार मुखपृष्ठे येतात.

रोखठोक

म्हणजे सोळा जाहिरातींच्या मधल्या भिंतीसुद्धा आपणच बांधायच्या. हिशेब उत्तम आहे, माझे मत बदललेले नाही. थंडीवाऱ्यात यांच्या फळीविषयी मात्र हेवा वाटला. तशी सोय आमच्याकडे झाली तर किमतीविषयीचा माझा आक्षेप मी मागे घेईन, चित्राविषयीचा नाही.

निळाई

मास्तर, १६२ वजा केल्यावर ८६४ उरतात, आणि ते आपापला पत्ता सांगतच असतात, तेव्हा मी माझ्या मतावर ठाम आहे. तरीही लाल रंगाशिवायच्या जाळीने मला दोन दिवस छळले आहे, हे लपवत नाही. आकाशात असे काही सापडत नाही.

सांदीकोपरा, आपली हरकत नसेल तर कोडे मोडून तुकडे मला नाशिकला पाठवावेत, दिवाळीनंतर परत करीन. कुरिअरचा खर्च माझा. फक्त तुकडे पिशवीत घालून पाठवा, झाकण आपल्याकडेच राहू द्या. राखाडी ताटलीचे रहस्य मात्र आपण पहिल्याच परिच्छेदांत फोडून टाकलेत. ते काही बरे केले नाहीत.