हलगी रेकॉर्ड केली तर पत्र्याचा डबा वाजतोय! ड्रम सॅम्पल घरी कसे करायचे?

खटका_माग (इचलकरंजी)

नमस्कार मंडळी. घरी सहा माग आहेत, दिवसभर त्यावर असतो आणि रात्री लॅपटॉपवर टेक्नो करतो. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो. दोन वर्षांत फुकटचे सॅम्पल पॅक (सुट्या आवाजांच्या फाईलींचे गठ्ठे) उतरवून ४० जीबी झालेत, पण किक, म्हणजे ड्रमचा खालचा 'धम्' ठोका, निवडायला बसलो की दीड तास जातो आणि शेवटी तीच ती किक, जी सगळ्यांच्याच ट्रॅकमध्ये आहे.

म्हटलं आपली हलगी घेऊ. गेल्या महिन्यात जत्रेत मोबाईलवर दहा मिनिटं रेकॉर्ड केली. तिथं उभा होतो तर छातीत धडकत होती. घरी हेडफोनवर ऐकली तर बिस्किटाचा डबा! शिवाय पहिला ठोका मोठा, पुढचे मेलेले, मध्येच आवाज फुगतोय. ईक्यू लावून खालचा-वरचा आवाज कमीजास्त केला, कॉम्प्रेसर लावून मोठे-छोटे ठोके सारखे करून बघितले, अजूनच घाण झालं. बजेट पाच-सहा हजार. काय चुकतंय? आणि किक हलगीतनंच काढता येईल का?

ढोलबडव्या

एवढा कुटाणा कशाला? जुन्या लावण्यांच्या रेकॉर्डींतनं ढोलकीचे तुकडे काप, खालून ८०८ ड्रम मशीनची किक दे, झालं काम. कुणाला कळतंय.

जुना_ऑक्टापॅड (मुंबई)

आधी मोबाईलचं. चूक तुझी नाही, ते यंत्र बोलण्यासाठी बनवलंय. मोठा आवाज आला की ते आपणहून दाबतं, शांत झालं की परत वर घेतं. म्हणून तुझा पहिला ठोका मोठा आणि पुढचे मेलेले. वर नॉइज सप्रेशन (मागचा गोंगाट पुसणारी सोय) असतं, त्याला हलगीचा मागे रेंगाळणारा आवाज म्हणजे कचरा वाटतो. एकदा पुसला की ईक्यूने परत येत नाही. ती फाईल जत्रेची आठवण म्हणून ठेव.

मी लालबागच्या बँजो पार्टीत पंधरा वर्षं ऑक्टापॅड वाजवला. तेव्हा एका दुकानातून 'पाच हजार ड्रम साउंड' अशी सीडी आणली होती. ऐकत गेलो तर एकाच ८०८ च्या किकची चाळीस बारशी केलेली. तुझ्या ४० जीबीतही वेगळं काही निघेल असं वाटत नाही. गंमत म्हणजे खऱ्या टीआर-८०८ मध्ये सॅम्पल एकही नव्हतं. १९८० ते १९८३ एवढीच ती बनली, साधारण १२ हजार नग, आणि तिचा प्रत्येक आवाज सर्किटमधून जागेवर तयार व्हायचा. १९८३ ला पुढची ९०९ मशीन आली तेव्हा तिच्यातही फक्त हाय-हॅट (छोट्या झांजांची जोडी) आणि सिंबल सॅम्पलचे होते.

आता हलगी. वाजवणाऱ्याला घरी बोलव आणि त्याची बिदागी दे, नुसत्या चहावर काढू नकोस. सुटे ठोके हवेत, चाल नको. हे त्याला पटायला वेळ लागतो, हात थांबत नाही.

मी कराडजवळ मावशीच्या घरी केलं होतं. धान्याची खोली, तीन बाजूंनी ज्वारीची पोती, दारावर वाकळ टांगलेली. अशा खोलीत घुमत नाही, महागड्या स्टुडिओची गरज नाही. हलगी शेगडीवर शेकून तणतणीत केली आणि जोरापासून सुरुवात केली. आधी जोराचे ठोके, मग मध्यम, मग हळू, शेवटी नुसत्या डाव्या हातातल्या काडीचे. प्रत्येक ठोक्यानंतर दोन-तीन सेकंद शांत. मध्ये कोंबडा, मध्ये मावशी 'पोहे घेताय का' म्हणून. चाळीस मिनिटं गेली. मुंबईत येऊन कापायला बसलो तेव्हा कळलं, हळू ठोके जोराच्या ठोक्यांपेक्षा जवळजवळ एक अख्खा स्वर खाली! चामडं थंड होत गेलं, हलगी उतरत गेली आणि मी कानात हेडफोन घालून मख्खासारखा बसलो होतो. सगळे हळू ठोके पीच वर करून वापरावे लागले, ते अजून नकली वाटतात.

म्हणून शेगडी शेजारीच ठेव आणि दर पाच मिनिटांनी शेक. जोराचे-हळूचे असे गठ्ठे करू नकोस. एक जोराचा, एक मध्यम, एक हळू, परत पहिल्यापासून. प्रत्येक प्रकारचे चार-चार ठोके घे, कारण एकच सॅम्पल सोळा वेळा लागोपाठ आलं की मशिनगन होते.

माईक समोरून धरलास तर काडीचा कडकडाट येतो. हलगी मागून उघडी असते, तिथे धरलास तर पोट येतं. दोन माईक असतील तर दोन्हीकडे लाव, पण मग एकाची फेज (लाटेची वर-खाली दिशा) उलटी कर. चामडं एका माईककडून लांब जातं तेव्हा दुसऱ्याच्या जवळ येत असतं, दोन्ही आवाज एकमेकांना खातात आणि खालचा भाग गायब होतो. मी हे कळायच्या आधी दोन दिवस ईक्यूत घालवलेत. माईक वीतभर तरी लांब ठेव. रेकॉर्डिंगची सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि सगळ्यात जोराचा ठोका उणे १२ डेसिबलपर्यंतच जाऊ दे. लाल दिवा लागला की तो ठोका फुकट.

किक हलगीतून निघणार नाही. तिच्यात किकइतकं खालचं काही नाहीच, किती ईक्यू वर करशील? खालचा भाग तू बनव. साधी साइन वेव्ह (एकाच सुराची गुळगुळीत लाट) घे, २०० हर्ट्झच्या आसपास सुरू करून ५०-६० मिलिसेकंदांत ५५ वर उतरव. ५५ म्हणजे ए हा सूर, ट्रॅकचा सूर वेगळा असेल तर तिथे बसव. वर हलगीच्या जोराच्या ठोक्याचे पहिले २०-३० मिलिसेकंद फक्त. छातीत धडकणारी चीज हीच. दोन्ही लाटा सुरुवातीला एकाच दिशेने जातायत का ते झूम करून बघ.

कापताना सुरुवात फार खरवडू नकोस, लाट शून्यावर असते तिथे काप. शेवटाला छोटा फेड दे, नाहीतर 'टक' वाजतं. आणि नावं त्याच दिवशी घाल. माझ्याकडे 'हलगी_नवीन_फायनल२' नावाच्या अकरा फाईल आहेत.

पैशाचं म्हणशील तर वापरलेला हातातला रेकॉर्डर बघ.

कानसेन_पुणे

जुना_ऑक्टापॅड दादांनी छान लिहिलंय. एक भर घालते. रेकॉर्डर मिळेपर्यंत अँड्रॉइडवर असं ॲप शोध ज्यात ऑडिओ सोर्स 'अनप्रोसेस्ड' निवडता येतो आणि फाईल वेव्ह (न दाबलेली) मिळते. सगळ्या फोनवर चालत नाही, पण चालला तर आवाजाचं फुगणं बंद होतं.

आणि ढोलबडव्या, कळतं रे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, शिवाय गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे. ट्रॅक ऑनलाइन टाकला की मशीनच ओळखतं. फुकटचंच हवं असेल तर फ्रीसाउंडवर जा, पण प्रत्येक आवाजाखालचा परवाना वाच. सीसी-झीरो (हक्क सोडून दिलेलं) असेल तर बिनधास्त वापर, ॲट्रिब्युशन असेल तर नाव दे, नॉन-कमर्शियल असेल तर विकायच्या ट्रॅकमध्ये नको.

ढोलबडव्या

बरं बरं. माझे तीन ट्रॅक काढून टाकतो मग 😅

खटका_माग (इचलकरंजी)

दादा, ताई, लई आभार. तीन आठवडे लागले. कोल्हापुरातनं जुना रेकॉर्डर मिळाला. हलगीवाले काका दुपारी आले, पण शेजारचे माग चालू, भिंतीतनं खडखडाट. शेवटी सुट्टीचा दिवस बघून परत बोलावलं, बिदागी दुप्पट गेली. शेगडीचं ऐकलं, सूर उतरला नाही. मागून धरल्यावर जे पोट आलंय ते ऐकून काका स्वतःच म्हणाले, "ही माझी हलगी?"

किक ५५ वर बसवली, खणखणीत आहे.

आणि त्या पहिल्या दुपारची वाया गेलेली फाईल पुसायच्या आधी परत ऐकली. त्यात आमचाच माग आहे, धोटा (आडवं सूत नेणारा) पेटीत आदळतो तो आवाज. हाय-हॅटच्या जागी टाकला, आता दुसरा नकोच वाटतो. मोजलं तर मिनिटाला ११८ ठोके पडतात. माझा ट्रॅक १३० ला होता. माग काय माझं ऐकत नाही, ट्रॅकच ११८ वर आणला.

वडिलांना हेडफोन लावून ऐकवलं. डोळे मिटून पूर्ण मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले, "चार नंबरचा धोटा घासतोय, सकाळी बघून घे."