महाडच्या सत्याग्रहावरील नाटकात समुदाय नायक कसा व्हावा?

संहिताकार

आमच्या हौशी नाट्यसंस्थेसाठी मी महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहावर दोन अंकी नाटक लिहीत आहे. पहिल्या अंकात १९ आणि २० मार्चची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद, चवदार तळ्याचे पाणी पिण्याचा प्रसंग आणि त्यानंतर झालेला हल्ला येतो. दुसऱ्या अंकात डिसेंबरची परिषद, मनुस्मृतीचे दहन आणि तहकूब केलेला सत्याग्रह येतो. तीन खर्डे लिहून झाले, पण प्रत्येक खर्ड्यात एकच दोष उरतो आहे. बाबासाहेब बोलतात आणि बाकीचे जयजयकार करतात. खेड्यापाड्यांतून चालत आलेली, परतल्यावर गावात काय भोगावे लागेल हे पुरते ठाऊक असलेली माणसे माझ्या संहितेत ‘जमाव’ या एका शब्दात संपून जातात, आणि हे मला मनापासून खुपते.

दुसरी अडचण शेवटाची आहे. डिसेंबरमध्ये लोक तळ्याला फेरी घालून पाणी न पिता परतले. वाचनाच्या वेळी सहकाऱ्यांचे मत पडले की येथे नाटक उतरते. मला तो निर्णय मुळीच दुबळा वाटत नाही, पण तो रंगमंचावर उभा करणे मला अजून साधलेले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

विंगेतून

आपले नाटक मार्च १९२७ मध्ये सुरू होते, हीच अडचण असावी. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला आणि महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. म्हणजे हक्क कागदावर मिळालेला होता, तरी तीन वर्षे त्या तळ्यात एकही अस्पृश्य ओंजळ बुडाली नाही. ही तीन वर्षे दाखवलीत, तर दडपशाही एखाद्या खलपुरुषाच्या तोंडी देण्याची गरजच उरणार नाही. ठराव वाचणारा कारकून, नजर चुकवणारा दुकानदार आणि तळ्याच्या काठावरून रिकाम्या भांड्याने परत फिरणारी बाई एवढे तिघे पुरेत.

समुदायाला चेहरा द्यायचा असेल, तर परिषदेची तयारी दाखवा. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे त्या वेळी चोवीस वर्षांचे होते. गावोगाव निरोप पोहोचवणे, वर्गणी आणि धान्य गोळा करणे, मांडव उभारणे ही कामे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. याच परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले होते. पाण्याच्या हक्कासाठी भरलेल्या परिषदेला पिण्याचे पाणी पैसे मोजून आणावे लागते, याहून बोलका प्रवेश नाटककाराला शोधूनही सापडणार नाही. त्या प्रवेशात बाबासाहेब नसावेत. कनवटीचे पैसे काढणारी आणि घागरी वाहणारी माणसे असावीत.

दस्तऐवज

वरील सूचना मला पटतात, परंतु समुदायाला पुढे आणण्यासाठी बाबासाहेबांना मागे ढकलू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. डिसेंबरमध्ये त्यांचे काम जमावाला पेटवण्याचे नव्हतेच. पेटलेल्या जमावाला थांबण्याचे कारण पटवून देण्याचे होते. नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला जुना ठराव रद्द केला होता, १२ डिसेंबरला सवर्णांनी दावा लावला होता आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला होता. तरीही प्रतिनिधी आले. मुंबईचे लोक बोटीने दासगावला उतरून महाडला आले. परिषदेला हिंदूंकडून जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. एवढे करून आलेल्या आणि पाणी पिण्याचा निश्चय केलेल्या माणसांना मागे फिरायला सांगायचे होते. ज्या सरकारच्या कायदे मंडळाने हक्क मान्य केला, त्याच सरकारच्या न्यायालयाने तो अडवला. हुकूम मोडला तर आजवर विरोधात नसलेले सरकारही विरोधात जाणार, आणि पाळला तर लोकांना काय तोंड दाखवायचे, हा खरा पेच आहे. सभेतील चार-पाच जणांना बाबासाहेबांशी उघड मतभेद मांडू द्या. त्यांचे म्हणणे प्रेक्षकांना पटले पाहिजे, नव्हे, काही काळ तेच बरोबर वाटले पाहिजे. मग निर्णय उतरता वाटणार नाही.

मार्चमधील हल्ल्याबाबतही असेच आहे. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि मांडवात जेवणाऱ्या लोकांवर लाठ्या चालल्या. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. कोकणातील महारांमध्ये निवृत्त शिपायांची मोठी परंपरा होती, त्यामुळे उलट मारण्याची ताकद नव्हती असे मुळीच नाही. हात उचलता येत असताना तो आवरणारा एखादा पेन्शनर आपल्या नाटकात बोलका पाहिजे.

बाबासाहेबांचे सवर्ण सहकारी अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस आणि मनुस्मृतीदहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांना जरूर स्थान द्या, मात्र ते सोबती म्हणूनच राहावेत. सहृदय सवर्णाच्या डोळ्यांनी सगळी कथा सांगण्याचा मोह अशा नाटकांना फार लवकर होतो.

जलसाप्रेमी

रूपाबद्दल एक सूचना. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातील आशय बदलला आणि पुढे आंबेडकरी जलशांनी तीच वाट रुंद केली. सवाल-जवाबाचे रूप आपल्या डिसेंबरच्या सभेला नेमके बसेल, कारण तेथे वादच घडतो आहे. शाहिराला निवेदक करून घटनांच्या तारखा सांगायला लावू नका. त्याला वादातला एक पक्ष द्या.

स्त्रियांविषयी मात्र अधिक सविस्तर लिहावेसे वाटते. डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले आणि जातीची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत व दागिने टाकून देण्यास सांगितले. हे भाषण रंगमंचावर न आणता, ते ऐकून आलेल्या दोघी-तिघी लुगडे वेगळ्या पद्धतीने नेसून पाहत आहेत, एकीला ते जमत नाही, दुसरी सासूच्या धाकाने कचरते, असा प्रवेश लिहिलात तर आपला शेवट मिळेल. तळ्याचे पाणी त्या दिवशी मिळाले नाही, पण काहीतरी बदलून घेऊनच माणसे निघाली, हे तेथे डोळ्यांनी दिसेल.

संहिताकार

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. १९२४ च्या ठरावाचे वाचन आता पहिला प्रवेश होईल आणि सभेतील वाद मी नव्याने लिहितो आहे. एक शंका उरते. उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला, तो शेवटी सांगावा का? आणि तळे कसे दाखवावे?

विंगेतून

निकाल सांगू नये असे माझे मत आहे. दहा वर्षांनी आलेला न्याय दोन वाक्यांत सांगितला, तर ती दहा वर्षे प्रेक्षकांना जाणवणारच नाहीत.

तळ्यासाठी नेपथ्य नको. विकत आणलेल्या पाण्याच्या घागरी पहिल्या अंकात असतीलच. पुढे लोक पाणी पिऊन गेल्यावर सवर्णांनी दूध, दही, शेण आणि गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले, त्या वेळी त्याच घागरी दुसऱ्या हातांत येऊ द्या. खरे पाणी संपूर्ण प्रयोगात एकदाच वापरा, २० मार्चच्या प्रवेशात, आणि ते ओंजळीतून सांडताना प्रेक्षकांना ऐकू येईल इतकी शांतता तेथे ठेवा.