कडक उन्हात आयआर बीम पकडत नाही, संध्याकाळी एकदम ओके

रामबागकर: नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. गच्चीवर आईने कुरडया वाळत घातल्या की माकडं येतात म्हणून कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, साधारण ८ मीटर, आयआर (इन्फ्रारेड, डोळ्याला न दिसणारा) बीम लावलाय, मधे कोणी आलं की बझर वाजायला पाहिजे. एलईडी ५५५ टायमर आयसीवर ३८ किलोहर्ट्झने चालवतो, रिसीव्हरला बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड (उजेड पडला की करंट देणारा) आणि एलएम३५८ ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारी आयसी), सिग्नल अगदीच बारीक म्हणून फीडबॅकला १० मेगाओहमचा रेझिस्टर, सप्लाय ९ व्होल्ट. संध्याकाळी मस्त चालतं पण सकाळी ऊन चढलं की मेलंच, स्कोपवर ७.५ व्होल्टला सरळ रेघ. डायोड बोटाने झाकत नेला की रेघ खाली येते आणि तिच्यावर बारीक लाटा दिसतात. गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा ते) अजून वाढवू का? कुरडया तर उन्हातच घालणार ना.

जुना_रेडिओवाला: वाढवू नकोस बाळा, कमी कर. ९ व्होल्टवर एलएम३५८ चं आउटपुट दीडेक व्होल्ट खालीच अडकतं, म्हणजे तो पार भरून गेलाय. उन्हाने नुसते १० मायक्रोअँपिअर आले तरी १० मेगावर १०० व्होल्ट व्हायला हवेत, ते आणायचे कुठून? शिवाय १० मेगाला १ पिकोफॅरड स्ट्रे (वायरिंगमधून नकळत येणारं कपॅसिटन्स) आलं तरी १६ किलोहर्ट्झपासूनच गेन पडायला लागतो, तुझे ३८ तिथेच अर्ध्याच्या खाली गेले. डायोडला रिव्हर्स बायस (उलटं व्होल्टेज) दे आणि लोडला रेझिस्टरऐवजी १० मिलिहेन्रीची कॉइल, तिला पॅरलल १.८ नॅनोफॅरड. उन्हाचा डीसी (स्थिर करंट) कॉइलमधून निघून जातो आणि ३८ च्या आसपास तीच जोडी मोठा अडथळा होते, म्हणजे व्होल्टेज फक्त तुझ्याच सिग्नलचं बनतं, रेडिओच्या आयएफ (एकाच फ्रिक्वेन्सीला ट्यून केलेल्या) स्टेजसारखं. पुढे कपलिंग कपॅसिटर आणि टीएल०७२, म्हणजे जास्त वेगवान ऑप-अँप. ३५८ ला ३८ वर एका स्टेजला १८-२० पटीच्या वर झेपत नाही.

सोल्डर_ताई: काकांचं बरोबर आहे, पण आधी ऊनच अडव. डीसी काढला तरी उन्हाचा शॉट नॉइज (करंटमधली बारीक खरखर) मागे राहतोच आणि तो त्याच ३८ मधे बसलेला असतो, म्हणून आतून काळा रंगवलेला अर्धा फूट पाइप डायोडपुढे लाव, सूर्य समोर येत असेल तर एलईडी आणि रिसीव्हरची टोकं बदल. फक्त आयआर आत सोडणाऱ्या काळ्या फिल्टरवर विसंबू नकोस, उन्हात आयआरही भरपूर असतं. कोणी टीएसओपी१७३८ (रिमोटसाठीचा तयार आयआर रिसीव्हर) सुचवेल, तो चालतो पण सलग ३८ दिलं तर आपणच गेन उतरवून गप्प बसतो, त्याला तुकड्यातुकड्याने बर्स्ट द्यावे लागतात.

रामबागकर: काका, ताई, झालं! महाराणी रोडवरून कॉइल आणली, ५५५ चा प्रीसेट (फ्रिक्वेन्सी बदलायचा छोटा स्क्रू) हळूहळू फिरवला तर एका जागी लाट एकदम फुगली, तिथेच सोडला. पाइप लावल्यावर आज दुपारी एकला भर उन्हात हात मधे घातला आणि बझर वाजला. आई उद्या साबुदाण्याचे पापड घालतेय.