अनुभव धागा: गाडीचं मागचं दार लागत नाही, उघडत नाही

पानापक्कड (धागाकर्ता)

मागच्या दाराचं लॉक बिघडलं की पहिला सल्ला मिळतो तो लॅच, म्हणजे लागलेलं दार धरून ठेवणारी यंत्रणा, बदलण्याचा. बऱ्याचदा लॅच धडधाकट असतो आणि दोष त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे असतो. ज्यांनी ही कामं स्वतःच्या हातांनी केली आहेत त्यांनी इथे नेमकं लिहावं: लक्षण काय होतं, तपासलं कसं, काय दुरुस्त करावं लागलं. गाडी कुठलीही चालेल.

सुरुवात मी करतो. बाहेरचं आणि आतलं हँडल, त्यांना जोडलेल्या दांड्या किंवा केबल, दाराच्या कडेला बसवलेला लॅच, आणि समोर बॉडीवर असलेली यू आकाराची पोलादी कडी म्हणजे स्ट्रायकर, अशी ही साखळी आहे. लॅचमध्ये खेकड्याच्या नांगीसारखा एक पंजा असतो. दार लोटलं की स्ट्रायकर त्याला फिरवतो आणि एक खिटी त्याच्या खाचेत पडून त्याला अडवते. खाचा दोन असतात: पहिल्या 'टक'ला दार अर्धं लागतं, दुसऱ्याला पूर्ण.

तपासणी दार उघडं ठेवूनच करा. मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने पंजा लागण्याच्या दिशेने ढकला. दोन स्पष्ट 'टक' ऐकू यायला हवेत आणि त्यानंतर पंजा हाताने मागे येता कामा नये. आता बाहेरचं हँडल ओढा, पंजा झटक्यात उघडला पाहिजे. परत लावा आणि आतल्या हँडलने उघडून पाहा. एवढ्यावरून कळतं की दोष लॅचचा, हँडलकडच्या जोडणीचा की स्ट्रायकरचा. लॅच इथे नीट चालतोय पण दार लागत नाही, तर लॅचला हात लावू नका, स्ट्रायकर आणि बिजागऱ्या पाहा.

दार अजिबात लागत नाही, आदळून परत येतं, याचं एक साधं कारण म्हणजे दार उघडं असतानाच कुणीतरी पंजा बोटाने बंद केलेला असतो. मुलं हे हमखास करतात. हँडल ओढून धरा, पंजा उघडेल. तसंच जोरजोरात आपटत राहिलं तर स्ट्रायकर वाकतो आणि फुकटचं काम वाढतं.

अर्धवट लागलेल्या दाराकडे दुर्लक्ष करू नका, हे कळकळीने सांगतो. दाराच्या लॉकसाठी संयुक्त राष्ट्रांचा जो ११ क्रमांकाचा नियम आहे, त्यात पूर्ण लागलेल्या लॅचने गाडीच्या लांबीच्या दिशेने ११,००० न्यूटन भार सोसायचा असतो, अर्ध्या खाचेत फक्त ४,५००. म्हणजे निम्म्याहूनही कमी. मागे बहुधा मुलं बसतात.

चाइल्डलॉक

सर्वात आधी चाइल्ड लॉक पाहा. दार बाहेरून उघडतं, आतून नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या कित्येक गाड्यांना दुसरा कुठलाच आजार नसतो. दाराच्या मागच्या कडेला, लॅचच्या वर किंवा खाली छोटी कळ असते, काही गाड्यांत किल्लीने फिरवायची खाच. गाडी धुताना, सामान भरताना ती सरकते. धुळीने ती मधेच अडकली तर आतलं हँडल कधी चालतं, कधी नाही. स्प्रे मारून कळ पाच-दहा वेळा पूर्ण टोकापासून टोकापर्यंत फिरवली की बहुधा मोकळी होते.

दुसरं, बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागचं दार लॉक असताना आतलं हँडल ओढून उपयोग नसतो, आधी लॉकची कळ उघडावी लागते. पुढचं दार एका ओढीत उघडतं म्हणून मागेही तसंच असेल असं धरू नका.

मिरज गॅरेज

खरी डोकेदुखी म्हणजे बंद अवस्थेत अडकलेलं दार, आतूनही नाही, बाहेरूनही नाही. याचं नेहमीचं कारण दुहेरी असतं: चाइल्ड लॉक आधीपासून चालू, आणि नंतर बाहेरच्या हँडलच्या दांडीची प्लास्टिक क्लिप तुटलेली. दोन्ही वाटा बंद. लॅच मात्र ठणठणीत.

बाहेरचं हँडल ओढताना हाताला कळतं. हँडल लुळं, काहीच ताण नाही, तर क्लिप निसटली किंवा दांडी सुटली. हँडलला ताण आहे पण दार सुटत नाही, तर खिटी जाम आहे किंवा बीडिंगच्या (दाराच्या कडेची रबरी पट्टी) दाबाने पंजा अडून बसलाय. दुसऱ्या प्रकारात एकाने लॅचच्या उंचीवर दार बाहेरून तळहाताने घट्ट आत दाबायचं, दुसऱ्याने त्याच क्षणी बाहेरचं हँडल ओढायचं. भार उतरला की खिटी सुटते. सेंट्रल लॉक असेल तर हँडल ओढून धरून रिमोट चार-पाच वेळा लॉक-अनलॉक करा.

नाहीच उघडलं तर दार बंद असतानाच आतून पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढायचं. घाई केली तर पॅड फुटतं, म्हणून क्रम सांगतो. मागच्या सीटची बैठक काढा, बहुतेक गाड्यांत पुढच्या कडेला वर झटका दिला की निघते. मग काच चढवण्याची वायंडी: तिच्यामागे घोड्याच्या नालेसारखी तारेची क्लिप असते, मागून फडकं घालून दोन्ही टोकं ओढत मागे-पुढे घासलं की ती निसटते. उडते, म्हणून एक हात आडवा धरा. आतल्या हँडलच्या वाटीतला स्क्रू, ओढायच्या मुठीतले एक-दोन स्क्रू (त्यांवर बहुधा टोपी असते). आता पॅड पुढच्या आणि खालच्या कडेने प्लास्टिकच्या पट्टीने सोडवा. मागच्या कडेच्या क्लिपा बंद दारामुळे हाती लागत नाहीत, पण बाकीच्या सुटल्या की पॅड वर उचलून पुढे वाकवता येतं. दोन-तीन क्लिपा तुटतीलच, तेवढ्या आधीच आणून ठेवा.

आत प्लास्टिकचा पडदा दिसेल. तो फाडू नका, काळ्या चिकट पट्टीसकट मागच्या बाजूने सोडवा. बॅटरी टॉर्च धरून लांब चोचीची पक्कड आत घाला आणि लॅचवरची, बाहेरच्या हँडलची दांडी जिथे जोडते ती पट्टी हलवा. ती हलली की दार उघडतं, मग चाइल्ड लॉक चालू असो की नसो. लॉक मात्र उघडं हवं. ते अडकलं असेल तर आधी लॉकची दांडी हाताने सरकवा.

वायरमन

सेंट्रल लॉकचं एवढंच. चारही दारं बंद पडली तर फ्यूज. एकच दार बंद असेल तर त्या दाराची वायर किंवा मोटर. मागच्या दाराच्या ॲक्चुएटरला (लॉक सरकवणारी मोटरची डबी) मोटर चालवणाऱ्या दोनच वायरी असतात. लॉकला एका दिशेने, अनलॉकला उलट दिशेने १२ व्होल्ट येतात, तेही क्षणभर. त्यामुळे मीटरवर आकडा वाचायला वेळ मिळत नाही. टेस्ट लॅम्प जोडून मदतनिसाला बटण दाबायला सांगा, दिवा लुकलुकला तर वीज येतेय.

वीज येत नसेल तर मधल्या खांबातून दारात जाणारा रबरी बूट सोडवून आत पाहा. दार रोज उघडून-मिटून वायर तिथेच तुटते. वरचं आवरण शाबूत आणि आतली तार तुटलेली, असंही सापडतं, म्हणून एकेक वायर हलकी ओढून पाहा. जी रबरासारखी लांबते ती तुटलेली. नुसती पिळून टेप मारू नका, सततच्या वाकण्याने तो जोड टिकत नाही. ०.७५ चौ. मिमी मऊ, बहुतारी वायरचा तुकडा घालून सोल्डर करा, वर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवा, आणि जोड बुटाच्या आत न ठेवता दारात किंवा खांबात सरकवा.

वीज येतेय, मोटर 'घुर्र' करते, पण लॉकची कळ अर्ध्यावर थांबते? ॲक्चुएटरची दांडी सोडवा आणि कळ बोटाने सरकवून पाहा. जड लागली तर लॅच वाळलाय, साफ करून ग्रीस लावा. लोण्यासारखी फिरली तर मोटर थकली आहे. ज्या गाड्यांत ॲक्चुएटर लॅचच्याच डब्यात बंद असतो तिथे पूर्ण लॅच घ्यावा लागतो.

कुडाळची सर

कोकणातल्या गाड्यांविषयी लिहिते. इथे लॅच मरतो तो गंजाने, आणि गंज येतो दाराच्या तळाशी साचलेल्या पाण्याने. काचेच्या कडेने पाणी दारात शिरणं हे ठरलेलंच आहे, ते बाहेर जायला दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन भोकं असतात. माती, पालापाचोळा, कधी कधी अंडरकोटिंग करणाऱ्याचा काळा रंग, यांनी ती बुजतात. दार हलवल्यावर आत पाण्याचा डुचमळ आवाज आला तर हेच. जाड तार किंवा प्लास्टिकची काडी घालून मे महिन्यातच मोकळी करा.

वंगणाबद्दल सगळीकडे घोळ आहे. डब्ल्यूडी-४० हा स्प्रे गंज सैल करायला आणि जुनं चिकट ग्रीस धुवायला उत्तम, पण तेवढ्यावर थांबलं तर थोड्याच आठवड्यांत लॅच पूर्वीपेक्षा कोरडा होतो. आधी स्प्रेने धुवा, पंजा वीसेक वेळा लावा-उघडा, काळं पाणी पुसून घ्या, सुकू द्या, मग पंजाच्या आणि खिटीच्या खिळीवर पांढरं लिथियम ग्रीस. वाटाण्याएवढं पुरतं. जास्त लावलं की धूळ धरतं. स्ट्रायकरवर बोट फिरवून पातळ थर. रबरी बीडिंगला ग्रीस नको, सिलिकॉन स्प्रे. किल्लीच्या भोकात ग्रॅफाइटची पूड.

एकटा माणूस चालवतो त्या गाडीत मागची दारं महिनोन् महिने उघडत नाहीत, तीच आधी जाम होतात. पावसाळ्यात तरी आठवड्यातून एकदा उघडून-मिटवत जा.

डेंटिंग पेंटिंग

स्ट्रायकर सरकवण्याआधी बिजागरी तपासा. दार वीतभर उघडा, कडेला खालून धरून वर उचला. खुळखुळलं तर बिजागरीची पिन झिजलीये आणि स्ट्रायकर खाली घेऊन ते झाकणं चूक आहे. दार लागताना वर उचललं जात असेल तर स्ट्रायकरच्या वरच्या बाजूला चकचकीत घासलेला पट्टा दिसतो, तो बघायची सवय लावा.

बिजागरी ठीक असेल तर स्ट्रायकरच्या भोवती मार्करने रेघ मारा. दोन स्क्रू असतात, मोठा फुलीचा किंवा टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचा), आणि कारखान्यात पक्के चिकटवलेले. साध्या स्क्रू ड्रायव्हरने डोकं खराब होतं. इम्पॅक्ट ड्रायव्हर लावून हातोडीचे दोन ठोके द्या. पूर्ण काढू नका, काही गाड्यांत मागची नटाची पट्टी आत पडते. जेमतेम ढिले करा आणि एका वेळी १ मिमी सरकवा. आत घेतलं तर दार घट्ट बसतं पण लावायला जड, बाहेर घेतलं तर खडखड आणि वाऱ्याचा आवाज. कागदाची पट्टी बीडिंगमध्ये धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारख्या ताणाने निघाली पाहिजे. दाराची मागची कडा मागच्या पॅनेलशी बोटाला सपाट लागली की घट्ट करा.

स्ट्रायकरवरचं नायलॉनचं आवरण झिजलं की खडखड येते. त्याला इन्सुलेशन टेप गुंडाळतात ते करू नका. टेपचे तुकडे पंजात जाऊन तोच लागेनासा होतो.

ह्यूस्टनकर

इथे अमेरिकेत असणाऱ्यांनी रिकॉल आधी पाहावा. फोर्डच्या लॅचमधल्या खिटीच्या स्प्रिंगचा टेकू तुटतो म्हणून २०१५ पासून टप्प्याटप्प्याने गाड्या परत बोलावल्या गेल्या. २०१६ मध्ये आधी उष्ण राज्यं आणि मेक्सिको, मग सगळी अमेरिका, मिळून सुमारे २४ लाख. त्यात फोकस, एस्केप, सी-मॅक्स होत्या. २०२० मध्ये सुमारे २१.५ लाख गाड्या पुन्हा बोलावल्या, कारण आधीची दुरुस्ती नीट झालेली नसण्याची शक्यता होती. म्हणून जुनी गाडी घेताना 'रिकॉल झालाय' या शब्दावर थांबू नका, लॅचवर छापलेला तारखेचा कोड पाहा. लक्षण असं: दार दोन-तीनदा लावावं लागतं आणि 'दार उघडं' हा दिवा पेटलेला राहतो. भारतातही बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर चासिस नंबर टाकून रिकॉल बाकी आहे का ते पाहता येतं.

टोरांटोची ताई

कडाक्याच्या थंडीत दार लागत नाही, आदळून परत येतं, तेव्हा जुनं ग्रीस किंवा लॅचमधलं पाणी गोठलेलं असतं आणि खिटी खाचेत पडत नाही. गरम पाणी ओतू नका, तेच परत गोठतं आणि काचेला तडा जाऊ शकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा डी-आयसर किंवा हेअर ड्रायर वापरा. गाडी सुकल्यावर लॅच धुऊन नवं ग्रीस लावा.

पानापक्कड

लॅच खरोखरच बदलायचा झाला तर: डावा-उजवा वेगळा, सेंट्रल लॉकचा आणि साधा वेगळा, तेव्हा चासिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या. जुना घेणार असाल (मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड) तर पंजाची धार आणि खिटीचं टोक बघा. कोपरा गोल झालेला असेल तर घेऊ नका.

काच पूर्ण वर. बॅटरीची निगेटिव्ह काढा. दांड्यांच्या क्लिपा आधी फिरवा, मग दांडी ओढा, उलट केलं तर क्लिप तुटते. सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो. कडेचे स्क्रू बहुतेक गाड्यांत तीन असतात. लॅच बाहेर येताना काचेची मागची पन्हाळ (काच जिच्यातून सरकते ती खोबण) आडवी येते, तिचा १० मिमीचा बोल्ट काढून ती बाजूला करा. नवा बसवल्यावर दार लावायचं नाही. आधी स्क्रू ड्रायव्हरने दोन 'टक', मग बाहेरचं हँडल, आतलं हँडल, रिमोट, चाइल्ड लॉक, सगळं उघड्या दारावर. मगच लोटा. पडदा जुन्याच चिकट पट्टीवर बसत नसेल तर ब्युटिल टेप नवी लावा, नाहीतर पहिल्या पावसात गालिचा भिजतो.

रस्त्यात

वाटेत दार लागेनासं झालं तर त्या बाजूला कुणालाही बसवू नका. हँडल ओढून पंजा उघडा आणि पुन्हा प्रयत्न करा. तरीही नाही, तर दाराच्या मुठीतून दोरी किंवा सामान बांधायचा पट्टा घेऊन पलीकडच्या दाराच्या मुठीला ताणून बांधा, हळू जवळच्या गॅरेजपर्यंत. चाइल्ड लॉक लावून दार सुरक्षित होत नाही, ते फक्त आतलं हँडल बंद करतं. गाडी रात्रभर उभी करायची असेल तर छताच्या दिव्याचं बटण बंद करा, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली असते.