शब्दचर्चा : सरकारी 'बॅकडोअर'ला मराठीत काय म्हणायचं?

हिंजवडीकर:
मदत हवीये लोकहो. एका दिवाळी अंकासाठी एन्क्रिप्शनच्या, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा मेसेज कुलूपबंद करण्याच्या, कायद्यांवर लेख लिहितोय, तर सरकार कंपन्यांना जे बॅकडोअर, म्हणजे ते कुलूप चुकवून आत शिरायची वाट, ठेवायला लावतं त्याला काय लिहू? 'मागचं दार' म्हटलं की वाड्याचं परसच डोळ्यापुढे येतं. संपादक म्हणतायत चोरदरवाजा लिहून टाक.

सदाशिवपेठी:
चोरदरवाजा नको रे. गडाची चोरदिंडी गड बांधणाऱ्यानेच ठेवलेली असते, वेळ आली तर आपली माणसं निसटावीत म्हणून, आणि ती किल्लेदाराला माहीत असते. इथे सगळं उलटं, एंड टू एंड एन्क्रिप्शनमध्ये किल्ल्या पाठवणाऱ्याच्या नि घेणाऱ्याच्या फोनात, कंपनीकडे नाहीतच, म्हणजे किल्लेदारालाच आत जाता येत नाही आणि वरून हुकूम येतो की तट फोडा. त्याला खिंडार म्हणतात. शिवाय एकदा पडलं की त्यातून कोण शिरेल ते सरकारच्या हातात राहत नाही, हेही त्या शब्दात आपोआप येतं.

बाणेरकर:
पण काका, खिंडार म्हटलं की लेखकाची बाजू ठरलीच ना. ऑस्ट्रेलियाचा २०१८ चा कायदा बघा, नावातच 'असिस्टन्स अँड ॲक्सेस', साहाय्य म्हणे! पहिली पायरी विनंती, ती ऐच्छिक. मग नोटीस, म्हणजे जमत असेल ते करून द्याच. आणि तिसरी 'टेक्निकल कपॅबिलिटी नोटीस', सोय नसेल तर बांधून द्या. वर त्याच कायद्यात लिहिलंय की 'सिस्टेमिक वीकनेस', म्हणजे सगळ्यांचीच सुरक्षा कच्ची होईल असा दोष, आणायला लावता येणार नाही. म्हणजे भिंत शाबूत ठेवून आत यायचंय. याला खिंडार कसं म्हणणार?

सदाशिवपेठी:
बाजू ठरू दे की, शब्द काय नुसते शोभेला असतात? आणि ब्रिटनचं काय म्हणाल? २०१६ च्या कायद्याखाली ॲपलला नोटीस गेल्याच्या बातम्या आल्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने तिथल्या लोकांसाठी आयक्लाउडचं 'ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन', म्हणजे तिथे साठवलेल्या डेटाचं एंड टू एंड एन्क्रिप्शनच, काढून घेतलं. खिंडार पाडायला नको म्हणून तटच उतरवला. याला शब्द सुचवा बघू, मला तर नाही सुचत.

हिंजवडीकर:
भारी चाललंय 😄 पण आपल्याकडच्या २०२१ च्या आयटी नियमांत दारही नाही नि खिंडारही नाही. ५० लाखांच्या वर युजर असलेल्या मेसेजिंग ॲपनी 'फर्स्ट ओरिजिनेटर', म्हणजे मेसेज सगळ्यात आधी पाठवणारा, शोधून द्यायचा, कोर्टाचा किंवा सरकारचा तसा आदेश आला तर. ह्याला 'माग काढणे' चालेल?

बाणेरकर:
पोलिसांचाच शब्द आहे, पण इथे थोडा फसवतो. माग आधीच उमटलेला असतो, आपण फक्त मागोमाग जायचं. या नियमाविरुद्ध व्हॉट्सॲपचं दिल्ली हायकोर्टात म्हणणंच हे की उद्या कुठला मेसेज विचारतील ते आज माहीत नाही, मग सगळ्यांच्याच सगळ्या मेसेजची खूण ठेवत बसावं लागेल. एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी सरळ सांगितलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलंत तर व्हॉट्सॲप इथून जाईल. तेव्हा 'माग ठेवायला लावणे' लिही.

हिंजवडीकर:
हे आवडलं, घेतो. आणि डिक्रिप्शनला, म्हणजे एन्क्रिप्ट केलेलं पुन्हा वाचता येईल असं करण्याला? 'विकूटन' दिसलं एके ठिकाणी.

सदाशिवपेठी:
विकूटन वाचून कोणाला काय कळणार, 'उकल' लिही. आपल्या आयटी ॲक्टच्या कलम ६९ खाली अशी उकल करून द्या म्हणून आदेश निघू शकतो, आणि मदत नाकारली तर सात वर्षांपर्यंत कैद. तिथे मात्र 'साहाय्य' शब्द वापरू नकोस, 'सक्ती' लिही.