अनुभव धागा : तिरफळ घालून केलेला स्वयंपाक

बांगड्याच्या कालवणात ठेचलेले तिरफळ पडताच दरवळणारा वास ज्यांच्या लहानपणापासून ओळखीचा आहे आणि ज्यांनी ते अलीकडेच वापरून पाहिले आहे, अशा सर्वांनी येथे आपापले अनुभव लिहावेत. नामसाधर्म्यामुळे घोटाळा होतो म्हणून आधीच सांगते, त्रिफळा चूर्णाशी याचा संबंध नाही. तिरफळ हे लिंबू-संत्र्याच्या कुळातल्या, खोडावर जाड काटे असलेल्या, आपल्या पश्चिम घाटात वाढणाऱ्या झाडाचे फळ आहे.

मालवणहून : आमच्या परसात हे झाड आहे. पावसाळा सरत आला की त्याला हिरवे घोस लगडतात, आणि काट्यांमुळे वर चढणे अवघड असल्याने ते आकडीनेच काढावे लागतात. उन्हात वाळल्यावर साल उकलते. आतली काळी बी आम्ही काढून टाकतो, कारण सगळा स्वाद सालीतच असतो आणि बी दाताखाली कचकचते. सासूबाई काही ओली तिरफळे मिठाच्या पाण्यातही घालून ठेवत असत. बांगडा, तारली, पेडवे अशा तेलकट माशांनाच तिरफळ शोभते, पापलेटाची नाजूक चव मात्र त्याखाली दबते, असे माझे ठाम मत आहे. ओले खोबरे, सुक्या मिरच्या, धणे आणि हळद यांचे वाटण उकळले की त्यात मासे व कोकम घालते आणि सहा-सात तिरफळे जेमतेम ठेचून, ज्या पाण्यात भिजवली त्या पाण्यासकट सोडते.

पुण्याहून : वरच्या अनुभवातला ‘जेमतेम’ हा शब्द मला फार महाग पडला. पहिल्या वेळी मी तिरफळे बियांसकट वाटणातच घालून मिक्सरमधून बारीक केली. कालवण कडू झाले आणि जिभेला आलेल्या झिणझिण्यांमुळे मुलांनी ताट बाजूला सारले. आता मी ती नुसती ठेचते आणि वाढताना साली बाजूला काढते.

फोंड्याहून : आम्ही शाकाहारी असल्यामुळे तिरफळ मुख्यतः खतखत्यात वापरतो. त्यात कांदा-लसूण नसतो, त्यामुळे भाज्या, तूरडाळ आणि खोबऱ्याच्या गोडसर रसाला उठाव देण्याचे काम तिरफळच करते. ते विसरलेले खतखते आमच्याकडे कोणी दुसऱ्यांदा मागत नाही.

मुंबईहून : तिरफळ संपले म्हणून एकदा सिचुआन मिरी वापरली. दोन्ही एकाच वंशातली असल्याने झिणझिण्या तशाच आल्या, परंतु बांगड्याला हवा असलेला तो वास काही आला नाही.