'वर वर वर'
इंग्रजीत 'बफेलो' (शहराचं नाव, प्राणी आणि 'दमदाटी करणे' हे क्रियापद, अशा तीन अर्थांनी) सलग 8 वेळा येऊन वाक्य होतं, पण विभक्तिप्रत्ययांमुळे मराठीत तसं जमणार नाही, हे मला पटत नाही. हे घ्या: 'वर वर वर मागतोय.' म्हणजे नवरदेव माडीवर वरदान मागतोय. इथे सगळी मदार काळावर आहे. साध्या भूतकाळात ('मागितला') 'वराने' करावं लागतं आणि साखळी तुटते. वर्तमानकाळात मात्र कर्ता प्रत्ययाविना राहतो, आणि वरदान निर्जीव असल्याने कर्मालाही 'ला' लागत नाही. मनापासून मागत नसेल तर 'वर वर वरवर वर मागतोय'! 'वरवर' मी एकच शब्द धरतो. आता 'कर' घ्या. 'कर कर कमी' (म्हणजे टॅक्स कमी कर) इथवर सहज जातं. त्यात हात या अर्थाचा तिसरा 'कर' कुणीतरी बसवून दाखवा.